टिप्याची तब्येत

माणसांच्या डॉक्टरकडे पेशंट स्वतः बोलतो. पोट दुखतंय म्हणाला की संपलं. आमचा पेशंट काहीच बोलत नाही, त्यामुळे त्याच्याबरोबर आलेले सगळे बोलतात, आणि प्रत्येकाचं वेगळं! मालक म्हणतो खात नाही, मालकीण म्हणते कालच दोन भाकरी पळवल्या, शेजारी म्हणतो कुणीतरी करणी केली. अशी नोकरी जन्मभर केल्यावर औषधांची नावं विसरायला होतात, किस्से मात्र साचत जातात. आता मित्र जमले की मला औषध कुणी विचारत नाही. "तो टिप्याचा सांगा," म्हणतात. पण टिप्याचा एक किस्सा नाही, त्याची लडच आहे. सुरुवातीपासून ऐकावी लागेल.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. जालना अजून जिल्हा झाला नव्हता आणि मी तीर्थपुरीला जनावरांचा नवाकोरा डॉक्टर होतो. लोक आमच्याकडे बैल आणायचे, म्हैस आणायचे, फार तर शेळी. कुत्रं-मांजर घेऊन दवाखान्यात यायची त्यांना लाज वाटायची. मी मात्र तरुण आणि उत्साही! भेटेल त्याला कुत्र्या-मांजराच्या तब्येतीवर भाषण ऐकवायचो. आमचे कंपाउंडर रशीदभाई मला म्हणायचे, "साब, बुलाओ मत. आ गए तो पकड़ना मेरेकू पड़ता."

*

आणि आलंच की एक मांजर! एक म्हातारी पोत्यात घालून घेऊन आली. मांजरीच्या पायात काटा मोडला होता. मी रशीदभाईंना म्हणालो, "धरा."

रशीदभाई म्हणजे साधा माणूस नव्हे. उधळलेला खोंड एका हातानं वेसणीला धरून उभा करणारा गडी. त्यांनी बाह्या सरसावल्या, पोत्याचं तोंड सोडलं आणि आत हात घातला. पुढचं मला नीट दिसलं नाही. दिसलं तेव्हा मांजर औषधाच्या कपाटावर होती आणि रशीदभाई टेबलावर.

"अहो, एवढे बैल पाडता तुम्ही!"

"साब, बैल कू दो सिंग रहते," रशीदभाई हाताकडं बघत म्हणाले. "इसकू एकेक पाँव में पाँच-पाँच हैं!"

शेवटी म्हातारीनंच "ये गं बाई" म्हणून हाक मारली. मांजर खाली आली, तिच्या मांडीवर बसली आणि मी काटा काढला. तेव्हापासून मी एक सल्ला देत आलोय. मांजर धरायची असेल तर जिच्या हातचं खाते तिलाच धरू द्या, डॉक्टरनं मर्दानगी दाखवू नये.

*

टिप्या आला तो सोपानबरोबर. सोपान आमचा शेतकरी, गावाबाहेर मळ्यात राहायचा. टिप्या त्याचा राखणीचा कुत्रा, तांबडा, कपाळावर पांढरा ठिपका. कानाला जखम होऊन तिच्यात किडे पडले होते आणि सोपाननं घरगुती इलाज म्हणून तिखट भरलं होतं.

मी भडकलो. "तुझ्या जखमेत तिखट भरू का?"

"मी कुत्रं हाय का?" सोपान म्हणाला.

टिप्या साहजिकच चिडलेला होता. मी सोपानला सांगितलं, उद्या याच्या तोंडाला मुसकं बांधून आण, मग जखम धुतो. दुसऱ्या दिवशी सोपान आला. मुसकं आणलं होतं, पण बैलाचं! मळणीच्या वेळी बैलानं कणसाला तोंड लावू नये म्हणून बांधतात ते, टोपलीएवढं. टिप्या त्यात तोंड घालून नव्हे, अख्खा बसून आला होता. वर दोरी, आणि सोपान ते पिशवीसारखं हातात लटकावून!

"हे काय?"

"तुमीच म्हन्ले मुसकं. आता ह्यो बराबर बसला तर माझी काय चूक?"

जखम बरी झाली. मी म्हणालो, याला पिसाळण्याची लस टोचून घेऊ, जालन्याहून मागवतो. सोपान हसला. "साहेब, माझ्या बैलाला टोचा. कुत्र्याला टोचलं म्हनून सांगिटलं तर मानसं मला येडं म्हन्तील." मी नाद सोडला. सोडायला नको होता, ते महिन्याभरातच कळलं.

*

तीर्थपुरीच्या बाजारात बाबूराव शिंप्याचं दुकान होतं. माणूस कामाला चोख आणि कुत्र्यांचा हाडवैरी. दुकानाच्या पायरीवर कुत्रं दिसलं की कापड मोजायचा लाकडी गज घेऊन धावायचा. बाजाराच्या दिवशी सोपानबरोबर टिप्या आला आणि नेमका त्याच पायरीवर झोपला. बाबूरावनं गजाचं टोक टोचलं. टिप्यानं पोटरी धरली.

बाबूराव लंगडत माझ्याकडं आला. "माणसांच्या दवाखान्यात जा की," मी म्हणालो.

"कुत्रं तुमच्या खात्याचं हाय!"

मी आधी जखम साबणानं खळाखळा धुतली, वाहत्या पाण्याखाली, बराच वेळ. मग स्वतः त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तेव्हाच्या रिवाजाप्रमाणं सांगितलं: कुत्रं ओळखीचं आहे, धडधाकट आहे, तर दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवा. ते ठणठणीत राहिलं तर काही नको. आजारी पडलं, मेलं किंवा पळालं, तर पोटात चौदा इंजेक्शनं. आता असं कुणी थांबत नाही, आणि थांबूही नये. चावा झाला की त्याच दिवशी सुई. तेव्हा मात्र असंच चालायचं.

बाबूराव पांढराफटक पडला. त्याचा मामेभाऊ लहानपणी कुत्रं चावून गेला होता. पाण्याचा तांब्या समोर धरला की कसा ओरडायचा ते बाबूरावनं डोळ्यांनी बघितलं होतं. ते ऐकताना मलाही हसू आलं नाही.

वातावरण सैल करायला बरोबर आलेले रशीदभाई त्याच्या ढेरीकडं बघून म्हणाले, "फिकर मत करो बाबूराव. चौदा क्या, चालीस कू जगा है."

सोपानची कापसाची वेचणी चालू होती. कुत्र्यावर नजर ठेवायला त्याला सवड नव्हती. "तुमचा जीव, तुमीच संभाळा," म्हणून त्यानं टिप्याची दोरी सरळ बाबूरावच्या हातात दिली. "दहा दिसानं घिऊन जातो. बिलकुल बारीक होऊ द्याचा न्हाई!"

आणि अशा रीतीनं गावातला कुत्र्यांचा एक नंबरचा वैरी कुत्र्याच्या उशाशी बसला.

*

पहिल्याच दिवशी बाबूराव धावत आला. "डॉक्टरसाहेब, जल्दी चला! त्यानं जांभई देल्ली!"

दुसऱ्या दिवशी शिंक आली म्हणून आला. नंतर शेपूट डावीकडं जास्त हलते म्हणून आला. एकदा तर ओरडतच आला, "पिसाळला! पानी पीत न्हाई!"

मी हातातलं टाकून गेलो. टिप्या टम्म फुगून भिंतीला टेकला होता. समोर परात भरून पाणी. मला बघून त्यानं शेपूट हलवली, पण उठवेना.

"सकाळपासून किती पाजलं याला?"

"पीतो का न्हाई ते बघाया पाजून राह्यलो. घटकाघटकाला."

"किती झालं असेल एकूण?"

बाबूराव बोटं मोजायला लागला. आतून त्याची बायको गंगूबाई म्हणाली, "नुस्ता पाजून राह्यलाय! माझी अर्धी घागर रिती झाली!"

*

पुढं टिप्याला हगवण लागली. आता खरंच काळजी होती, कारण आजारी पडलेलं कुत्रं म्हणजे चौदा सुया. मी विचारलं, खायला काय देता?

"साधंच," बाबूराव म्हणाला. "दूध, तूपपोळी, गूळ. येखादं जिलबीचं कडं."

मी कपाळावर हात मारला. त्याला समोर बसवून सगळं समजावलं. कुत्र्याला गोड नको, तूप नको, मसाल्याचं कालवण नको, कोंबडीचं शिजलेलं हाड तर मुळीच नको, ते फुटून घशात रुततं. ज्वारीची भाकरी ताकात नाहीतर अळणी वरणात कुस्करून द्या. पाणी समोर ठेवा आणि पिणं त्याच्यावर सोडा. जंताचं औषध मी देतो. गोचिडं हातानं काढा, पिकावरची पावडर अंगाला चोळू नका, कुत्रं अंग चाटतं.

बाबूराव परीक्षेला बसल्यासारखा ऐकत होता. "भाकर ऊन द्याची का शिळी?"

गंगूबाई दारात उभी होती. पदर खोचून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, लगीन होऊन ह्या घरात म्हातारी व्हायला आले. जेवलीस का म्हनून ह्यानं येकदा इचारलं न्हाई. तुमी सांगा, मी बी येकदा चावून बघू का?"

*

थंडी पडली. पहाटे टिप्या कुडकुडतो, असं बाबूरावला दिसलं. त्यानं टिप्याला दुकानात उभं करून रीतसर मापं घेतली. छाती, पाठ, गळा. जाड खाकीचं कुडतं शिवलं, आतून अस्तर, पोटाखाली तीन बटणं. मला दुकानात बोलावून दाखवलं तेव्हा म्हणाला, "मापाला इतकं शांत गिऱ्हाईक मी जिंदगीत पाह्यलं न्हाई."

नेमकं तेव्हाच एक खरं गिऱ्हाईक दुकानात आलं. दिवाळीआधी सदऱ्याचं कापड देऊन हेलपाटे घालणारा माणूस. टिप्याच्या अंगातलं कुडतं बघून त्याची तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझा सदरा महिना झाला व्हत न्हाई, अन् कुत्र्याचं कुडतं दोन दिसात?"

बाबूरावनं मशीन थांबवलं नाही. "तू मेलास तर मला सुया घ्याव्या लागत्यात का?"

*

दहावा दिवस उजाडला. मी टिप्याला तपासलं. डोळे स्वच्छ, भूक चांगली, अंगावर तकाकी. माझ्या नोकरीत इतकं निरोगी गावठी कुत्रं मी तोवर बघितलं नव्हतं. मी बाबूरावच्या पाठीवर थाप मारली. "सुटलात! एकही सुई नाही!"

मला वाटलं, माणूस नाचेल. तो "बरं" म्हणाला. टिप्याच्या कुडत्याचं सुटलेलं बटण लावलं आणि "मंग आता?" असं विचारलं.

"मग काय? सोपानचं कुत्रं सोपानला द्या."

"व्हय. बराबर हाय," म्हणाला आणि टिप्याला घेऊन हळूहळू निघून गेला. गंगूबाईला म्हणे त्या दिवशी त्यानं जेवलीस का विचारलं, आणि स्वतः मात्र जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखाना उघडतोय तर दारात तिघं. सोपान, बाबूराव आणि मध्ये कुडतं घातलेला टिप्या. सोपानच्या हातात रिकामी दोरी होती आणि तो तापला होता.

"साहेब, तुमीच बघा! काल दोर घिऊन गेल्तो तर म्हने उद्या ये. आज गेलो तर म्हनतो, पुन्हा चावलं!"

बाबूरावच्या डाव्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं होतं. तोंडात पान. खाली बघत म्हणाला, "चावलं. आत्ताच, पहाटं. आता पुन्हा दहा दिस नजरंखाली ठेवाया लागंल. कायदाच हाय तसा."

टिप्या तेच मनगट फडक्यावरून चाटत होता.

मी फडकं सोडलं. कुत्रं चावलं की सुळ्यांची खोल भोकं पडतात. इथं भोक कुठंच नव्हतं. वर आणि खाली सपाट दातांची नीट अर्धगोल ओळ होती, आणि तिच्या कडेनं काताचा लाल डाग. रशीदभाईंनी माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं, तोंडावर रुमाल धरला आणि ते कपाटामागं गेले.

"जखम कशी हाय?" सोपाननं विचारलं.

बाबूराव माझ्याकडं बघत होता. चौदा इंजेक्शनांचं ऐकलं तेव्हाही तो इतका घाबरलेला नव्हता.

"बरीच खोल आहे," मी म्हणालो. "साबणानं धुवा. कुत्रं ह्यांच्याकडंच राहू दे."