मेंढरं संगं घिऊन उठायचं

मंडळी, आमचं मेंढरांचं पेज सकाळी त्या मोठ्या कंपनीनं बंद केलं. विकायच्या नराचा फोटो टाकलता, तर म्हणे जनावरं विकायला बंदी. दाद मागितली, तर उत्तर मशीननंच दिलं.

तात्या, म्हणजे माझे चुलते, जन्मभर मेंढरं घेऊन फिरले. ते म्हणाले, "शेतकऱ्यानं रानातनं उठवलं तर आमी मेंढरं संगं घिऊनच उठतो. तुजी मानसं मागं कावून राहिली?"

म्हणून ही पोस्ट या छोट्या नेटवर्कवरून टाकतोय. इथं सर्व्हर बरेच, चालवणारे वेगवेगळे. एकाशी पटलं न्हाई तर फॉलोअर्ससकट दुसऱ्याकडं जाता येतं.

पण जुनी माणसं अजून तिथंच हायत. त्यांना वाटत असंल, मीच न सांगता निघून गेलो. तुमच्यापैकी कुणी तिथं असंल, तर सांगाल का त्यांना?