मी बुडवलेली आत्या

भिजवलेल्या काळ्या तिळांचा वास आला की मला बडोद्यातली ती सर्वपित्री आठवते. माझी पहिली कादंबरी नुकतीच आली होती. सगळं कुटुंब आमचंच, फक्त एक आत्या मी मनाने घातली होती आणि शेवटी तिला विहिरीत बुडवलं होतं. रावपुऱ्यातल्या घरी बाबा गुरुजींच्या मागोमाग पितरांची नावं घेत तीळ-पाणी सोडत होते, आणि मध्येच त्यांनी तिचं नाव घेतलं. मी दचकून आईला म्हणाले, "अगं, ही आत्या कधी नव्हतीच!" आई हळूच म्हणाली, "बुडवलीस तूच ना तिला? मग पाणी कोण देणार?" गच्चीवर पानं मांडली. आजी-आजोबांच्या पानांना कावळे लगेच शिवले, तिच्या पानाला काही केल्या कावळा शिवेना. उन्हात भात सुकत चालला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेवटी मी हात जोडून पुटपुटले, "पुढच्या पुस्तकात तुला परत आणीन." वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा झेपावला. त्यानंतर माझ्या चार कादंबऱ्या आल्या. तिला आणायचा धीर मला झाला नाही. आता सहावी लिहिते आहे. कालच्या पानावर कुणीतरी दार वाजवलंय. कोण, ते मी अजून ठरवलेलं नाही, पण उंबऱ्यावर पाणी ठिबकतंय, एवढं लिहून बसले आहे.