दोघांत एक चष्मा

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

परवा तुम्ही पाठवलेल्या फोटोत थोरलीच्या नाकावर गोल, तपकिरी, कचकड्याचा चष्मा पाहिला आणि नोकरीतली एक घटना जशीच्या तशी डोळ्यांपुढे आली. विसरण्याआधी लिहून ठेवते.

सत्तरच्या दशकात मी वेल्हे ठाण्यात उपनिरीक्षक होते. मार्गासनीकडचा एक म्हातारा शिंपी फिर्याद द्यायला आला. आदल्या संध्याकाळी शिलाई मशीनवर ठेवलेला चष्मा गेला होता. त्यावाचून सुईत दोरा ओवता येईना, आणि लग्नाचे कपडे दोन दिवसांत द्यायचे होते.

"नवा घ्या की," हवालदार म्हणाले.

"पुण्याला डोळं तपासून येईस्तवर नवरा उघडाच बोहल्यावर चढंल."

हा चष्मा त्याने आणि त्याच्या शेतकरी मित्राने मिळून घेतला होता. दिवसा शिंप्याकडे, दिवेलागणीला पोथी वाचायला मित्राकडे. मित्र नुकताच वारला होता. त्याच सकाळी त्याचा दहावा झाला होता.

मी पोलीस पाटलांना विचारले, दहाव्याला नदीवर काही वेगळे घडले का? ते जरा घुटमळले.

"दोन तास कावळा शिवंना. मग म्हातारीनं पदराखालनं कायतरी पिंडाम्होरं धरलं. लगीच शिवला."

मित्राच्या बायकोकडे मी एकटीच गेले, साध्या साडीत. तिने आधी चहा ठेवला. विचारल्यावर काहीच लपवले नाही.

"व्हय, म्याच न्हेला. जाताना ते डोळ्यांवरनं हात फिरवत व्हते. जीव कशात आडकलाय, मला ठावं व्हतं."

"मग परत का नाही दिलात?"

"कावळा शिवला तवाच तो त्यांचा झाला. मेलेल्याची वस्तू जित्या माणसाच्या नाकावर कशी ठिवू, बाई? भावजींना काय झालं म्हंजी?"

चष्मा धान्याच्या कणगीत होता. तो घेऊन मी तिच्याबरोबर दुकानात गेले आणि शिंप्याला सगळे सांगितले. त्याने चष्मा सदऱ्याला पुसून डोळ्यांवर चढवला.

"वैनी, इतकी वरसं त्याच्याच नाकावरचा घातला. आता त्याचं काय भ्याव?" आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "लिवा बाई, चोरी न्हाई. त्यानं न्हेला, वापरला, परत दिला."

सुईत दोरा ओवून तो कामाला लागला.

डायरीत मी 'वस्तू मिळाली, तक्रार नाही' एवढेच लिहिले. पुढच्या सगळ्या नोकरीत लपवलेली वस्तू सापडली, की ती कोणासाठी लपवली हे मी आधी विचारत असे.

शिंपी गेल्यावर त्याच्या लेकीने तो चष्मा मला आणून दिला. माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे. काचा शाबूत आहेत.