आज त्याच कामावर आहे काय?

रोजगार कार्यालयात लागून मला जेमतेम वर्ष झालं असेल. आमच्या घरातून सरकारी खुर्चीवर बसलेला मी पहिलाच, त्यामुळे छापील कागदावर माझी भारी श्रद्धा. कागदाने प्रश्न विचारला म्हणजे त्याला उत्तर असणारच, असं मला खरोखर वाटायचं. अकोल्याच्या एका फेरीत ही श्रद्धा ढिली झाली ती झालीच.

अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्यात सरकारने वर्ग चालवला होता. काम करता करताच फिटरचं काम शिकायचं, आणि शिकवायला कारखान्यातलेच एक म्हातारे मिस्त्री. बारा जणांची पहिली तुकडी दिवाळीला बाहेर पडली. सहा महिन्यांनी त्यांचं काय झालं ते पाहून या, असा वरून हुकूम आला आणि साहेबांनी अमरावतीहून मला पिटाळलं. फॉर्मवर माणसागणिक एकच प्रश्न होता : शिकलेल्या कामावर तो आज आहे काय? पुढे दोन चौकटी, होय आणि नाही. निम्म्यांपुढे होय आलं तर वर्ग राहील, नाही तर बंद होईल, एवढं साहेबांनी बजावून सांगितलं होतं.

पोचलो तर कारखाना बंद. आत पत्र्याच्या सावलीत मिस्त्री एकटे बिडी ओढत बसले होते. माणसं कुठे आहेत असं विचारलं तेव्हा त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"दिवाळी ते होळी मशिनी चालतात, बाबूजी. वैशाखात कापूस कुठून आणू?"

मी वलगावचा. माझं लहानपण कपाशीच्या वावरात गेलेलं, आणि बोटांवर सहा महिने मोजताना मला हे सुचलं नव्हतं. हुकूम काढणाऱ्यांनी कापूस पाहिला नसेल, पण मला काय धाड भरली होती? आपण पुन्हा कार्तिकात येऊ, असं मी साहेबांना कळवायला हवं होतं. पण हुकमात सहा महिने लिहिलं होतं, आणि मी हिंडायला लागलो.

दोन दिवसांत अकरा जण सापडले. पाच जण तेलाच्या गिरण्यांत फिटर म्हणून लागले होते, त्यांच्यापुढे होय. सहा जण कुठे हमाली करत होते, कुठे विटा वाहत होते. त्यांच्यापुढे नाही. आता सगळं बाराव्यावर येऊन ठेपलं. मी त्याच्याकडे निघालो तेव्हा हा हिशेब ऐकून मिस्त्रींनी एवढंच म्हटलं की त्याच्यापुढे तरी होय लिहा, माझ्यामागे हे काम कोणाला येणार?

बारावा मूर्तिजापूरच्या रस्त्यावर एका विहिरीवर भेटला. पंचविशीचा, लग्न झालेला माणूस, ऑइल इंजिन खोलून बसला होता. आधी कान लावायचा, मग पाना, ही मिस्त्रींची रीत त्याने घेतली होती. तासाभरात इंजिन सुरू झालं आणि पाणी पाटात पडलं. मी पाहतच राहिलो. पण फॉर्मवर कारखान्यातला फिटर लिहिलेलं, आणि हे तर विहिरीवरचं इंजिन. हे तेच काम की दुसरं? आज आहे, पण उद्या? माझं डोकं चालेना. शेवटी मी होय वर टीक करायला पेन्सिल टेकवली, तेवढ्यात त्याने हात पुसत विचारलं की काय लिहून राहिले. मी सांगितलं.

"नाही लिहा, साहेब. होय लिहिलं तर कामाला लागला म्हणून तुमच्या कचेरीतलं माहं नावनोंदणीचं कार्ड रद्द होईन. सरकारी वर्कशॉपच्या बोलावण्याची तीन सालापासून वाट पाहून राहिलो."

त्या कार्डाची किंमत मला कळत होती. मीही तसल्याच कार्डाच्या जोरावर खुर्चीत बसलो होतो. पण तुझ्या एका नाहीने वर्ग जाईल, हे त्याला सांगणं माझं काम होतं. ते मी सांगितलं नाही. काहून नाही सांगितलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी नाही लिहिलं.

पावसाळ्यात वर्ग बंद झाला. पुढच्या हिवाळ्यात वर्कशॉपची मागणी आली, मी त्याचं कार्ड काढलं आणि बोलावणं धाडलं. तो लागला.

महिन्याभराने तो माझ्या टेबलाशी आला. अंगावर नवी खाकी, रुमालात सासुरवाडीची, चांदूर बाजारची चार संत्री. एवढा आनंद त्या कचेरीत मी क्वचित पाहिला होता.

"एक काम होतं साहेब. माह्या बायकोचा भाऊ रिकामा बसला हाय. त्याले मिस्त्रीच्या वर्गात घालून द्या. मी तिथं शिकलो म्हणूनच लागलो."

वर्ग बंद झाला, मी म्हणालो.

"काहून?"

वरून हुकूम आला, असं मी सांगितलं. त्याने मान हलवली, संत्री टेबलावर ठेवली आणि मला हात जोडून तो गेला. माझ्या पाठीमागच्या कपाटात तो फॉर्म होता. बाराव्या ओळीत, माझ्याच अक्षरात, नाही.