झाकलेला नवरा

उंद्रीच्या रंगरावांनी जन्मभर सोयरिकी जुळवल्या. शंभर खोटं बोलावं पण एक लग्न लावावं, ही म्हण त्यांनी इतक्या निष्ठेनं पाळली की खरं बोलायची सवयच मोडली. रिकामटेकड्याला कंत्राटदार केलं, बहिऱ्याला मितभाषी. पण सत्तरी ओलांडली, गुडघे कुरकुरू लागले आणि एकच लग्न छातीवर येऊन बसलं, कोकिळाचं. डोणगावच्या सुखदेवला मिरगीचे झटके येतात हे रंगरावांना ठाऊक होतं. कोकिळाच्या माहेरी त्यांनी ते लपवलं. नवी नवरी घरात आली, नवरा तिच्यासमोर चुलीपाशी कोसळला, तेव्हा तिला कळलं.

वीस वर्षांनी, थकल्या जिवानं, रंगराव डोणगावला गेले. ओट्यावर बसून म्हणाले, "चुकलं माहं, पोरी. माफ कर."

"माफी घेऊन काय चाटू, काका?" कोकिळा म्हणाली. "आइतवारी माह्या वैष्णवीले पाहाले पाव्हणे येऊन राह्यले. तुमच्या शब्दाले अजून वजन हाय. तिच्या बापाच्या झटक्याचं नाव काढू नका. मंग तुमचं-माहं फिटलं."

म्हणजे ज्या पापाची माफी मागायची, तेच पुन्हा करायचं. नाही म्हणायचं त्राणही रंगरावांत नव्हतं. "हाव," म्हणाले.

रविवारी पाहुणे आले, रंगराव त्यांच्यात येऊन बसले. सुखदेवला सकाळीच शेतात धाडलं होतं; घरी कोणी यायचं असलं की त्याला धाडतच. पोहे झाले, पोरगी पसंत पडली. मुलाच्या आईनं विचारलं, "पोरीचे बाबा दिसत नाहीत?"

"गावाले गेले," कोकिळा आतून म्हणाली.

"बरं." ती रंगरावांकडे वळली. "भाऊ, तुमच्या भरोशावर करून राह्यलो बरं का."

वीस वर्षांपूर्वी कोकिळाची आईही नेमकं हेच म्हणाली होती. रंगरावांना या झाकाझाकीचा एकदम वीट आला. पुण्य-बिण्य काही आठवलं नाही. आणखी एक खोटं उचलायची ताकद उरली नव्हती, एवढंच. "शेतात हाय तो," ते म्हणाले. "त्याले मिरगी हाय. पोरीले काही नाही. बोलवा त्याले."

सुखदेव चिखलाच्या पायांनी आला आणि दारातच थबकला. मुलाच्या आईनं त्याला सतरंजीवर जागा दिली, गोळ्या वेळेवर घेता का, म्हणून विचारलं. मग "निरोप धाडतो" म्हणून मंडळी उठली. असल्या निरोपाचा अर्थ रंगरावांइतका कोणाला कळणार!

"फेडलं तुम्ही, काका," कोकिळा म्हणाली. "माह्या लेकीच्या जिवावर फेडलं."

रंगरावांनी मान खाली घातली. मन हलकं करायला आले होते, पदरी पडला नुसता शीण.

"त्याईले काऊन बोलून राह्यली?" सुखदेव म्हणाला. मग रंगरावांकडे वळला. "काका, तवा मी म्हटलं होतं, पोरीच्या घरी सांगून द्या. तुम्हीच म्हणाले, गप राय."

कोकिळा त्याच्याकडे बघतच राहिली. यानंही आपल्याला फसवलं, हे मनात धरून तिनं वीस वर्षं संसार केला होता. "मले सांगतलं काऊन नाही तुम्ही?"

"तू कधी इचारलं?"

रंगरावांनी उठून सुखदेवपुढे हात जोडले. या माणसाचेही आपण देणेकरी आहोत, हे इतक्या वर्षांत त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"जेवून जा, काका," सुखदेव म्हणाला.

कोकिळा आत गेली. तिनं दोन ताटं वाढून आणली आणि नवऱ्याचं ताट पहिल्यांदाच बाहेर, पाहुण्याच्या शेजारी मांडलं.