कॅनिंगचं गाऱ्हाणं

मिठबावच्या आमच्या कॅनिंगमध्ये, म्हणजे आंब्याचा रस डबाबंद करायच्या कारखान्यात, सुगंधाकाकी आंब्याच्या सीझनला येते आणि पहिल्या दिवसापासून मालकीण असल्यासारखी ओरडते. मी तिथे ऑफिसात बसते, पण मॅनेजरपेक्षा तिलाच जास्त घाबरते. काकी काम शिकली ती कुणाच्या तरी शेजारी उभं राहून, बोलणी खाऊन. शिकवतेही तशीच. फक्त रस तापवायच्या टाकीची वाफ सोडायला तिला कधी मिळालं नव्हतं. ते चाक फिरवायचा मान ऑपरेटरचा. डबे भरता भरता काकी त्या चाकाकडे अशी बघायची, की त्या चाकालाच अवघडल्यासारखं होत असेल.

यंदा ऑपरेटर गोव्याला गेला. मॅनेजर म्हणाले, "काकी, टाकी तुम्ही सांभाळा. पण आधी फोनवर कंपनीचा कोर्स करायचा. परीक्षा तोंडी, व्हिडिओ कॉलवर. नापास झालात तर बाहेरचा माणूस आणावा लागेल."

काकी घरी बांगडे तळता तळता धडे बघू लागली. आठवडाभरात फोनला बांगड्याचा वास लागला, डोक्यात मात्र काही शिरेना.

"तन्वी, ही धड्यातली बाय नुसती बोलत रवता गो," ती वैतागून म्हणाली. "मी मधी कायव इचारलंय तरी आयकणा नाय."

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. एकजण देवाला मागणं सांगतो आणि त्याच्या दर वाक्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. काकीचे सासरे गावाचं गाऱ्हाणं घालायचे. बायकांनी ते घालायची रीत नाही, पण जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये रीत बघायला कोण बसलंय? काकी पदर खोचून उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा, आज जी काय ही तुझी लेकरां कॅनिंगात उभी आसत, तेंनी हात कोपरापर्यंत धुवल्याशिवाय आंब्याक शिवू नये रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," शेड दुमदुमली.

"आणि जो कोण टोपी न घालता रसावर वाकात, तेका दारातसून परत पाठव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

काकीच्या शेजारी डबे भरणाऱ्या आनंदीबाईला हसून हसून ठसका लागला. रोज एक धडा असा देवाच्या कानावर जाऊ लागला. मी रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायची, आणि ते वैभववाडीच्या काजूवाल्या बायकांपर्यंत पोचलं. आठवडाभरात अख्ख्या शेडला अख्खा कोर्स पाठ.

परीक्षेला खोलीत दुसरं कुणी चालत नाही, म्हणून काकी ऑफिसात एकटी बसली. आम्ही सगळ्याजणी बाहेर खिडकीखाली, तोंडावर हात दाबून. फोनवर पुण्याच्या गौरजा मॅडम.

"टाकीची वाफ सोडण्याआधी काय तपासाल?"

"आधी प्रेशरचा काटा बघायचा," काकी म्हणाली आणि थांबली.

"पुढे?"

पुढे काही नाही. मधे कुणी होकार देत नव्हतं, आणि त्याशिवाय पुढचं वाक्य तिला सुचेना. आनंदीबाईच्या ओठांवर आलेलं मी हाताने परतवलं. एक शब्द आत गेला असता तर परीक्षाच रद्द.

शेवटी काकी म्हणाली, "मॅडम, एक विनंती आहे. मी थांबले की तुम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणाल का? नाहीतर माझं अडतं."

मॅडमनी कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "उत्तर सांगायचं नाही, असा नियम आहे. होय म्हणायचं नाही, असं कुठे लिहिलेलं नाही." आणि हळूच, लाजत, "व्हय म्हाराजा."

झालं. काकी सुटली ती सुटलीच. काटा, झाकण, उष्णता, डबे, सगळं देवाला सांगून झालं. शेवटी शेवटी मॅडम इतक्या रंगल्या, की मी खिडकीतून डोकावले तर फोनवर त्यांच्या मागच्या टेबलांवरची माणसं उभी राहून बघताना दिसली. पास.

काकी तडक टाकीकडे गेली. काटा बघून चाक फिरवलं. वाफ फुसकन सुटली, काकीचा चष्मा पांढरा झाला, आणि तो न पुसताच ती माझ्याकडे वळली.

"बगलंस गो? माज्या हातान."

मला रडूच आलं. काकी माझ्यावर ओरडली, "टोपी खंय आसा तुझी? भायर हो आधी."