उंबऱ्याबाहेरचा नारळ

"ह्यो नारळ हय कोणी ठेवलो?"

मानकऱ्याने काठीच्या टोकाने आमचा नारळ ओळीतून बाहेर ढकलला. घरंगळत तो माझ्या बाबांच्या पायाशी आला. घाटकोपरमधल्या एका शाळेचा हॉल, आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाची वार्षिक पूजा. सगळा गाव बाबांकडे बघतोय.

आम्ही जातीने खालचे. आमचा नारळ उंबऱ्याबाहेर ठेवायचा, ही गावची रीत. बाबा कामाची पाळी संपवून धावतपळत आले आणि गर्दीत चुकून सगळ्यांच्या ओळीत नारळ ठेवून बसले. एवढाच गुन्हा.

"चुकलंय, म्हाराजा," बाबा म्हणाले. हात जोडून. केस पिकलेला माणूस.

माझं डोकं फिरलं. तेव्हा मी बावीस वर्षांची, अंधेरीच्या कारखान्यात टीव्हीचे सुटे भाग जोडायचे. कुणाला घाबरायची सवय सुटली होती. मानकऱ्याला सरळ विचारलं, "हे देवाने सांगितलं का तुम्हाला?"

"देव कित्याक सांगात? पयल्यापासून चलत इलाहा."

बस. एवढाच पुरावा.

मग तो गाऱ्हाणं घालू लागला. गावाच्या वतीने देवाला विनवायचं आणि प्रत्येक विनवणीला सगळ्यांनी होकार भरायचा. "बा देवा म्हाराजा, वाडवडलांची रीत अशीच चालव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. त्यात बाबांचाही आवाज होता. लहानपणापासून मीही असंच ओरडत आले होते, कशाला हो म्हणतेय ते न ऐकता.

"नाय म्हाराजा," मी म्हणाले. एकटीच. मोठ्याने.

पुढच्या रविवारी मानकरी आमच्या दाराशी आला. आत आला नाही, पाणी घेतलं नाही. "पोरगी माफी मागाची नाय, तर तिच्या लग्नाक गाव उभो रवाचो नाय," एवढं बोलून गेला. माझं लग्न ठरलेलं होतं. मुलगा गावातलाच.

बाबा म्हणाले, "बाय, माग ना. माझ्यासाठी."

त्यांचा राग आला. त्यांची दयाही आली, आणि तीच जास्त झोंबली. काय काय गिळत आला असेल हा माणूस. आता मलाही तेच गिळायला सांगत होता, तेही मायेने.

"नाही मागणार," मी म्हणाले. "गाव येऊ दे नाहीतर न येऊ दे. लग्न मोडलं तर मोडू दे. तुमची मान खाली घालायला लावणाऱ्या देवाला मी हो म्हणणार नाही. तुम्ही पाया पडलात तरी नाही."